मांजर उभं गेलं

आठ दिवस आधीच पेटी आणली, जाळीच्या दाराची,
दार काढून ठेवून दिली कूलरसमोर,
जणू ती इथलीच, सुपासारखी, पाटासारखी.
डॉक्टर खोब्रागडे म्हणाल्या होत्या,
तिला वाटू द्या, ही जागा तिनंच शोधली.
दोन दिवस तर्रीनं पेटीला वळसा घातला.
तिसऱ्या दिवशी एक पंजा आत.
चौथ्या दिवशी दुपारी, पारा पंचेचाळीसवर,
ओल्या वाळ्याचा वास पेटीत साचला
तेव्हा आत जाऊन झोपलीच,
शेपूट तेवढं बाहेर, न फाडलेल्या पावतीसारखं.

रुपराव बोंद्रे गाडी पुसता पुसता म्हणाले,
"मांजराले कायले नेता जी इतक्या दूर?
नाशकात काय मांजरं भेटत नाय?
अन् मांजर माणसाचं नसते, बाई,
घराचं असते."

मी काही बोलले नाही.
घर भाड्याचं होतं, मंगळवारपर्यंत.

मग सरावाच्या फेऱ्या.
पहिली प्रतापनगर चौकापर्यंत : ओरडली.
दुसरी अंबाझरीच्या कडेकडेनं : ओरडली,
आणि टॉवेलवर ओकली.
तिसरी रात्री अकराला, धरमपेठेतून
थेट सीताबर्डीपर्यंत. ती गप्प.
मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसले,
शिलाई मशीनवाला, चष्मेवाला, बंद पडलेला फोटो स्टुडिओ,
उद्या कुणी तोंडी परीक्षा घेणार असल्यासारख्या.
एकोणीस वर्षांत एकही धड वाचली नव्हती.

फ्रिजवर कागद चिकटवला :
टॉवेल पुसा, पण धुऊ नका.
जेवण रात्री दहाला, नंतर काही नाही.
जुन्या ट्रेमधली ओंजळभर माती नव्या ट्रेत.
गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर
(नवा पत्ता मलाच अजून पाठ नव्हता).
बंद गाडीत ठेवून उतरायचं नाही,
दोन मिनिटं नाही, चहासाठी नाही,
हे नागपूर आहे, मे आहे.
आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून :
वाटेत दार उघडायचं नाही.
कितीही रडली तरी.

निघालो पहाटे तीनला, ऊन जागं व्हायच्या आत.
पेटी मागच्या सीटवर, पट्ट्यानं आवळून,
वर माझ्या पलंगावरची चादर, अर्धी.
उरलेली अर्धी माझ्या मांडीवर.
हिंगणा सुटेपर्यंत ती रडली,
मांजरासारखी नाही,
गंजलेल्या बिजागरीसारखी, एकाच सुरात.
रुपरावांना गाणी लावायची होती. लावली नाहीत.

मग एकदम थांबली.

रडणं परवडलं.
चार महिन्यांचा जीव, दीड किलोसुद्धा नाही,
श्वासाचा आवाज तरी किती असणार?
टोलनाक्याच्या पिवळ्या उजेडात
माझा हात आपोआप कडीवर गेला.
रुपराव आरशातून बघत होते.
"उघडू नका. तुमीच लिवलं ना."

जाळीतून करंगळी आत घातली.
बराच वेळ नुसता अंधार.
मग काहीतरी खरखरीत, ओलं,
एकदा.
आणि थोड्या वेळानं, नीट विचार करून, परत एकदा.

मांजर आडवं गेलं की लोक थांबतात,
चपला झटकतात, सात पावलं मागं सरतात.
आमचं मांजर उभं चाललं होतं,
सरळ रस्त्याच्या मधोमध, ऐंशीच्या वेगानं,
न धुतलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकून.
थांबायचं कुणी, आणि मागं सरायचं तरी कुठं?

"झोपली वाट्टे," रुपराव म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, वर्ध्याचे दिवे डावीकडं दिसले तेव्हा,
"तुमी बी झोपा."

मी चादरीचं माझं टोक नाकापर्यंत ओढलं.
तिला अजून ओल्या वाळ्याचा वास होता.